शुक्रवारची नमाज आणि ग्रामसभेचा ठराव



मुळशी सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट यांच्या स्मरणार्थ मुळशीत बोलायला उभे राहायचे, तर सोयीचे तेवढेच बोलून चालणार नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, या खोऱ्यातले मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि त्यांनी काम थांबवले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, टाटा कंपनीला धरण हवे होते, सरकारला त्यात काही गैर दिसत नव्हते. पन्नासहून अधिक गावे पाण्याखाली जाणार होती आणि त्या गावांना कोणी काही विचारले नव्हते. आमच्या जगण्याचा निर्णय आम्हाला न विचारता घेऊ नका, एवढेच त्या शेतकऱ्यांचे म्हणणे होते. सत्याग्रह हरला, धरण झाले. भाताची खाचरे गेली, घरे गेली, देवळे गेली. माणसे पांगली आणि जिथे गेली तिथे 'बाहेरची' ठरली.

त्या शेतकऱ्यांकडे जे नव्हते ते आज आपल्याकडे आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. गावाच्या प्रश्नांवर गावाने एकत्र बसून ठराव करायचा, ही फार मोठी सत्ता आहे. ती आपण कोणाविरुद्ध वापरतो आहोत, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या तालुक्यात काय घडले ते आपण सगळे जाणतो, तरी ते क्रमाने सांगतो. २२ एप्रिलला पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना ठार मारले. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते, दोघे तर आपल्या पुण्याचे. मे महिन्याच्या सुरुवातीला पौडच्या नागेश्वर मंदिरात अन्नपूर्णा देवीच्या मूर्तीची विटंबना झाल्याची तक्रार झाली आणि पोलिसांनी एका तरुणाला अटक केली. त्याच सुमारास घोटावडे, पिरंगुट, लवळे या गावांमधून ठरावांच्या आणि फलकांच्या बातम्या येऊ लागल्या. शुक्रवारच्या नमाजासाठी गावातल्या मशिदीत फक्त स्थानिक मुस्लिमांनी यावे, बाहेरच्यांनी येऊ नये, असा त्यांचा मजकूर होता. सुरक्षेचे कारण पुढे केले गेले. पौड-पिरंगुट भागात मुस्लिम व्यावसायिकांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली, काहींचे धंदे बंद पडले. पीयूसीएल आणि एपीसीआर या नागरी हक्क संघटनांना त्याबद्दल पोलिसांकडे दाद मागावी लागली.

मूर्तीच्या विटंबनेने मन दुखावते, ते दुखावणारच. गावाच्या देवीशी माणसाचे नाते आईसारखे असते, आणि त्या दुखण्याची थट्टा करणाऱ्याला मी माझा मित्र मानत नाही. पहलगामच्या बातमीने ज्याचे रक्त तापले नाही, असा माणूस या सभागृहात नसेल. प्रश्न त्या दुःखाचा आणि रागाचा नाही. तो राग कोणाच्या दारात जाऊन उभा राहतो, हा प्रश्न आहे.

ठरावात ज्याला 'बाहेरचा' म्हटले, तो शुक्रवारी दुपारी मशिदीत येणारा माणूस कोण असतो? जुम्याची, म्हणजे शुक्रवारची, नमाज ही सामूहिक नमाज आहे. ती घरी एकट्याने अदा करता येत नाही, जमातीबरोबर, बहुधा मशिदीत, पढावी लागते, आणि ती असते भर दुपारी, कामाच्या वेळात. पिरंगुटच्या कारखान्यातला फिटर, माणच्या बांधकामावरचा सेंटरिंगवाला, हिंजवडीच्या कंपनीतला ड्रायव्हर, कोकणात माल घेऊन निघालेला टेम्पोवाला, यांना जेवणाची जी सुट्टी मिळते तेवढ्यात जवळची मशीद गाठायची असते. तालुक्यात कारखाने वाढले, तशी शुक्रवारची गर्दीही वाढली. यात कट शोधायची गरज नाही. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे कारण सापडते.

आणि मुळशीत बाहेरचे नाही कोण? राजीव गांधी आयटी पार्क आपल्या तालुक्यात आहे. लवळ्याच्या टेकड्यांवर विद्यापीठे आहेत, दासव्याला लवासा आहे. देशभरातली माणसे इथे नोकरीला, शिकायला, जमिनी घ्यायला येतात. ते गणपतीला देवळात येतात, नवरात्रात रांगेत उभे राहतात. त्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही मूळचे कुठले. आषाढीला देहू-आळंदीहून पंढरपूरच्या वाटेवर लाखो माणसे चालतात. ज्या गावात दिंडी उतरते तिथल्या देवळाच्या ओवरीत वारकरी पाठ टेकतो आणि गाव त्याला भाकरी वाढते. मग आधार कार्ड दाखवून प्रार्थना करायची, हा नियम एकाच धर्माच्या माणसाला का? भाडेकरूंची नोंद पोलिसांकडे करायची असेल तर जरूर करा, पण ती सर्वांची करा. सुरक्षेचा नियम सर्वांना सारखा असतो. जो एकालाच लागू होतो तो संशय असतो, आणि संशयाला ठरावाचा कागद लावला म्हणून तो कायदा होत नाही.

'स्थानिकांना आमची काहीच हरकत नाही,' असे काही जण मनापासून सांगतात. त्यांच्या मनाच्या चांगुलपणावर मला शंका घ्यायची नाही. पण जरा त्या स्थानिकाच्या जागी उभे राहून पाहा. आपल्या मेहुण्याला शुक्रवारी सोबत नेता येत नाही, मुंबईहून आलेल्या चुलत्याला मशिदीच्या दारात कोणी अडवेल काय ही धास्ती आहे. चार पिढ्या गावात काढल्या, तरी आपले असणे इतरांच्या मर्जीवर टिकले आहे हे त्याला त्या फलकाने कळते. ज्याचा हक्क मर्जीवर आला, तो गावात राहतो खरा, पण गावकरी म्हणून राहत नाही.

एकाच्या गुन्ह्याची शिक्षा सर्वांना द्यायची, ही रीत किती पुढे जाते ते पुणे जिल्ह्याने पाहिले आहे. २ जून २०१४ च्या रात्री हडपसरमध्ये सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्या एका आयटी तरुणाला जमावाने मारून टाकले. फेसबुकवर कोणीतरी शिवाजी महाराजांची आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे टाकली होती. या मुलाचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. तो नमाज पढून परतत होता, एवढाच त्याचा अपराध. जानेवारी २०२३ मध्ये खटल्याचा निकाल लागला आणि आरोपी निर्दोष सुटले. कोणीच मारले नाही, तरी मुलगा मेला. १ ऑगस्ट २०२५ रोजी दौंड तालुक्यात यवतला एका पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. पोस्ट टाकणारा एक आणि नुकसान सोसणारे अनेक, हा हिशेब तिथेही तोच.

पहलगामच्या मारेकऱ्यांनी माणसांना धर्म विचारला आणि मग गोळी घातली. त्या दिवशी पर्यटकांना वाचवताना तिथला एक मुस्लिम घोडेवालाही मारला गेला. मारेकऱ्यांना हेच हवे होते की भारतातल्या प्रत्येक गावात माणसाला आधी धर्म विचारला जावा. बेकरीच्या, सलूनच्या, मशिदीच्या दारात आपण तो प्रश्न विचारू लागलो, तर त्यांचे काम आपण पुढे नेले, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आता आपल्या घरचा इतिहास. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचे आहे. मराठी खेड्याची वतने, बलुती, हक्क आणि मानपान त्यात जवळून नोंदवले आहेत. त्या गावगाड्यात मुलाणी आहे. मशिदीची दिवाबत्ती त्याच्याकडे, आणि गावाच्या जत्रेत देवापुढचा बकरा हलाल करण्याचा मानही त्याचाच. पेटीतून कुंकू-अत्तर विकणारा अत्तार, पानाचा तांबोळी, भाजी-फळांचा बागवान, कापूस पिंजणारा पिंजारी, हत्यारांना धार लावणारा शिकलगार, दर्ग्याचा मुजावर, ही आडनावे मराठी खेड्याच्या रोजच्या व्यवहारातून आली आहेत. या घरांतली आजी मराठीतच ओरडते आणि मराठीतच रडते. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते, मग पुढची वाट. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, तोही १९८० पासून दर वर्षी. या प्रथा कोणी वरून हुकूम काढून पाडल्या नाहीत. शेजाऱ्याची अडचण आपली मानणाऱ्या साध्या माणसांनी त्या पाडल्या आणि त्यांच्या मुलांनी त्या मोडल्या नाहीत.

आपण मावळात बसलो आहोत. कोरीगड, घनगड, कैलासगड हे आपल्या तालुक्यातले किल्ले, आणि फलकांवर चित्र असते ते शिवाजी महाराजांचे. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता, सिद्दी हिलाल लढाईत होता, काझी हैदर मुन्शी होता. महाराज अफझलखानाशी लढले, औरंगजेबाशी लढले, आणि मरून पडलेल्या अफझलखानाची कबर त्यांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी होऊ दिली. शत्रू कोण हे त्यांनी राजकारणावरून ठरवले, नमाजावरून ठरवले नाही. त्यांच्या नावाने एखाद्या न्हाव्याचे किंवा पाववाल्याचे दुकान बंद पाडणे महाराजांच्या कारभारात बसणारे नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळून मला पुढे जायचे नाही. मुस्लिम समाजात कट्टरता नाही का? स्त्रियांवर अन्याय नाही का? त्यावर बोलायचे नाही का? आहे, आणि बोललेच पाहिजे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई ते आयुष्यभर बोलले. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन ते मुंबईत विधानभवनावर गेले, तोंडी तलाक बंद करा म्हणून. २२ मार्च १९७० ला त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. आपल्या समाजातल्या सनातन्यांचा रोष त्यांनी सोसला आणि १९७७ साली, पंचेचाळिशीही न गाठता, ते गेले. पण दलवाईंचा आधार घेणाऱ्यांनी दलवाई पुरते वाचावेत. मुस्लिमांनी आधुनिक, समान नागरिक व्हावे अशी त्यांची मागणी होती. ज्याला आपण बाजारातून उठवतो, त्याला आपण कोणत्या तोंडाने समान नागरिक व्हायला सांगणार? सुधारणा हवी असेल तर सुधारणा मागणाऱ्या मुलीच्या बापाचे दुकान चालू राहिले पाहिजे, तिला वसतिगृहात खोली मिळाली पाहिजे, नोकरीच्या मुलाखतीत तिचे आडनाव वाचून कपाळाला आठी पडता कामा नये. बहिष्काराने समाज आपल्या कोषात जातो आणि त्या कोषात जुन्या धर्मगुरूंचाच आवाज मोठा होतो. शाहू महाराजांनी हे ओळखले होते. १९०६ साली त्यांनी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उघडले, मुलांना शाळेत आणले.

दुसऱ्याचा धर्म वाचून समजून घेण्याचीही एक परंपरा आपल्याकडे आहे. जोतीराव फुल्यांनी महंमद पैगंबरांवर रचना केली, आणि 'सार्वजनिक सत्यधर्म'मध्ये एकाच घरात बाप, आई, मुलगी, मुलगा वेगवेगळ्या धर्माचे होऊनही प्रेमाने राहतील असे कुटुंब कल्पिले. साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहिली. विनोबा अरबी शिकले, मूळ कुराण वाचले आणि 'कुराण-सार' तयार केले. या तिघांनी दुसऱ्याच्या धर्माबद्दल बोलण्याआधी तो समजून घेण्याचे कष्ट घेतले. फॉरवर्ड आलेल्या चार ओळींवर मत बनवणाऱ्या आपल्या पिढीने निदान त्या कष्टांची लाज राखावी.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात. संविधानाचा २५वा अनुच्छेद प्रत्येकाला आपला धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य देतो. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर बंधन घालता येते, पण ते कायद्याने आणि शासनाने घालायचे. एका धर्माचे नाव घेऊन ग्रामसभा ते घालू शकत नाही. १९व्या अनुच्छेदाने देशात कुठेही फिरायचे, राहायचे, धंदा करायचे स्वातंत्र्य दिले आहे. कोणी कुठून पाव घ्यावा हे ज्याचे त्याने ठरवावे, पण धर्माच्या नावाने द्वेष पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या १९६व्या कलमाखाली गुन्हा आहे. देवस्थानाची विटंबना हाही त्याच संहितेत गुन्हा आहे. म्हणजे ज्याने देवीचा अपमान केला त्याच्यासाठी कायदा आहे, आणि त्याचे निमित्त करून निरपराधाला छळणाऱ्यासाठीही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करणारा ठराव केला. ज्या कानिफनाथांना मुस्लिम भाविक शाह रमजान म्हणून मानतात, त्यांचीच ही यात्रा. प्रशासनाने तो ठराव अवैध ठरवला. गावाचे बहुमत संविधानापेक्षा मोठे नाही.

पण केवळ कायद्याने सलोखा टिकत नाही. तो कशाने टिकतो याचे आपल्या राज्यातले उत्तम उदाहरण भिवंडी आहे. १९७० आणि १९८४ साली भिवंडीत भीषण दंगली झाल्या. त्यानंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. शहरात तणाव झाला की प्रतिष्ठितांना बोलावून चहा पाजायचा, ही जुनी पद्धत त्यांनी सोडली. प्रत्येक वस्तीत दोन्ही धर्मांची साधी माणसे घेतली, सोबत त्या भागाचा पोलीस दिला आणि बैठका नियमित ठेवल्या. बैठकीत विषय कोणते? तुंबलेले गटार, पाण्याचा नळ, नवरा-बायकोची भांडणे, पोरांची मारामारी. दंगलीवर चर्चा क्वचितच. पण वर्षानुवर्षे शेजारी बसून नळाचा प्रश्न सोडवलेली माणसे अफवा आली की एकमेकांना विचारतात, हे खरे आहे का? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने तिथे ९०० मृत्यू नोंदवले. शेजारची भिवंडी, दंगलीचे गाव म्हणून बदनाम झालेली भिवंडी, त्या दिवसांत शांत राहिली.

भिवंडीने हे सिद्ध केले की सहिष्णुता ही आपोआप येणारी भावना नाही, ती शांततेच्या काळात रोज लावून घेतलेली सवय आहे. मुळशीला याची गरज आज आहे, कारण आपल्याकडे माणसे झपाट्याने येत आहेत आणि ओळखी त्या वेगाने होत नाहीत. जुना मुलाणी आणि जुना पाटील एकमेकांना ओळखत होते. कारखान्यातला नवा कामगार आणि सोसायटीतला नवा रहिवासी एकमेकांना मोबाइलवरच्या बातम्यांतून ओळखतात.

म्हणून मी चार कामे सुचवतो. पहिले, पौड, पिरंगुट, घोटावडे, लवळे, माण अशा मोठ्या गावांत भिवंडीच्या धर्तीवर समित्या करा. त्यांत नव्या वस्त्यांमधली आणि कामगारांच्या चाळींतली माणसे असू द्या, बायका असू द्या, आणि महिन्यातून एकदा ती बसू द्या, पाणी-कचरा-वाहतुकीवर का होईना. दुसरे, जुम्याच्या गर्दीची अडचण खरी असेल तर मशिदीच्या विश्वस्तांशी बोलून पार्किंग, वेळ, स्वयंसेवक ठरवा. जत्रेची, पालखीची, विसर्जनाची गर्दी आपण अशीच सांभाळतो. तिसरे, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे जे अ‍ॅडमिन आज इथे आहेत त्यांना विनंती, की धर्माबद्दलची पोस्ट पोलीस पाटलांकडे खात्री केल्याशिवाय ठेवू नका. अफवेची जबाबदारी ती पहिल्यांदा लिहिणाऱ्यापुरती नसते. चौथे, शिक्षकांनो, मुलांना शेजारच्या मशिदीत, दर्ग्यात, बौद्ध विहारात, चर्चमध्ये एकदा घेऊन जा, आणि तिथल्या मुलांना आपल्या देवळात बोलवा. चप्पल कुठे काढायची आणि प्रसाद कसा घ्यायचा हे ज्याला कळते, त्याचा हात दुसऱ्याच्या देवाचा अपमान करायला उचलत नाही. मुस्लिम बांधवांनाही माझे सांगणे आहे. देवीची विटंबना झाली की निषेधाच्या पहिल्या रांगेत तुम्ही उभे राहा. कोणाला भिऊन नव्हे, ती आपल्या गावाची देवी आहे म्हणून.

आणि शेवटची गोष्ट ग्रामसभेची, कारण बोलणे तिथून सुरू झाले. फलक लावणे सोपे असते, तो काढायला धैर्य लागते, आणि ते धैर्य एकट्या सरपंचाकडून मागणे बरे नव्हे. ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाने ते थोडे थोडे वाटून घ्यावे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तुमच्यापैकी कोणीतरी उठून हा ठराव मांडावा अशी माझी मागणी आहे: 'आमच्या गावात राहणाऱ्या, काम करणाऱ्या आणि येणाऱ्या कोणाही माणसाला त्याच्या धर्मावरून प्रार्थनेला, धंद्याला किंवा राहण्याला अडवले जाणार नाही. गुन्हा करणाऱ्याला, तो कोणत्याही धर्माचा असो, आम्ही कायद्याच्या हवाली करू. याविरुद्ध केलेले पूर्वीचे सर्व ठराव आणि फलक आम्ही मागे घेत आहोत.' सूचक व्हायला एक माणूस लागतो आणि अनुमोदक व्हायला एक. शंभर वर्षांपूर्वी याच खोऱ्यातली माणसे न्यायासाठी सरकार आणि कंपनीपुढे उभी राहिली होती. त्यांच्या नातवंडांना स्वतःच्या गावासमोर उभे राहणे अवघड जाऊ नये. ठराव मांडा, मतास टाका, आणि पहिला हात तुमचा असू द्या.